अभ्यासिकेतून उठताना

या वेळचं पत्र थोडं संक्षिप्त करून छापतेय. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

*ताई, वय ३३. मूळचा लातूर जिल्ह्यातला. नऊ वर्षं पुण्यात एमपीएससी करतोय. तीनदा मेन्स दिली, एकदा मुलाखतीपर्यंत पोचलो, चार मार्कांनी पोस्ट गेली. गेलं वर्षभर अभ्यासिकेत बसतो, पण पान उलटत नाही. रात्री तीनला झोप, दुपारी बाराला जाग. संध्याकाळी एका क्लासमध्ये पेपर तपासतो, नऊ हजार मिळतात. दोन वर्षं दिवाळीला घरी गेलो नाही. कधी कधी वाटतं, सकाळ होऊच नये. मागे एका समुपदेशक मॅडमकडे चार वेळा गेलो. त्या लहानपणाचं विचारायच्या, मी सांगायचो, हलकं वाटायचं, रूमवर आलो की परत तेच. मग मित्राने एका लाइफ कोचच्या शिबिराला नेलं. तिथे दीडशे जणांत उभं करून 'मी जिंकणारच' असं ओरडायला लावलं. आता एक सर म्हणतात की ते थेरपी आणि कोचिंग दोन्ही एकत्र करतात. सहा महिने, २४ बैठका, ७२ हजार, सगळे आधी भरायचे. नानांकडे मागावे लागतील. अशी सरमिसळ खरंच असते का? की हाही एक क्लासच?*

*ता. क. रूमवर पुस्तकांच्या दोन पेट्या आहेत. रद्दीत घालू का?*

ताई म्हणालास, मग मी अरे-तुरेच करते.

आधी एका वाक्याबद्दल. 'सकाळ होऊच नये' हे तू मेसच्या डाळीबद्दल लिहावं तसं, जाता जाता लिहिलंयस. मी ते जाता जाता वाचू शकत नाही. माझ्यासमोर बसला असतास तर सरळ विचारलं असतं: जिवाचं काही बरंवाईट करून घ्यायचा विचार येतो का? कसं करायचं, इथपर्यंत जातो का? सकाळ नको वाटणं आणि मरायचं ठरवणं यांत अंतर आहे. पण रात्री तीन वाजता एकटं जागं असताना ते अंतर कमी व्हायला वेळ लागत नाही. उत्तर 'हो' असेल, किंवा 'बहुतेक नाही' असं अडखळत येत असेल, तर हे सदर पुढे वाचू नकोस. रूम पार्टनरला उठव आणि १४४१६ लाव. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली. फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. फोन लावायला निमित्त लागत नाही. 'झोप येत नाही' एवढं सांगितलंस तरी चालतं.

आता तुझा प्रश्न. सरमिसळ असते का? असते. मी स्वतः तेच करते, त्यामुळे मला नि:पक्षपाती समजू नकोस.

थेरपी आणि कोचिंग यांच्यातली भिंत जेवढी रंगवून दाखवतात तेवढी जाड कधीच नव्हती. थेरपी मागचं बघते, कोचिंग पुढचं बघतं, असं सांगितलं जातं. ऐकायला सोपं आहे, पण अर्धंच खरं. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमाराला विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली तीच मुळी रुग्णाच्या बालपणात वर्षानुवर्षं बसून राहण्याला वैतागून. आज तू काय मानतोस, त्यावर त्यांचा भर होता, आणि ते घरी करायला गृहपाठही देत. महाराष्ट्रात ही पद्धत रुजली ती मुख्यतः कि. मो. फडके यांच्यामुळे. पुढे अमेरिकेतच मिलवॉकी इथे स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या जोडप्याने १९७८ पासून उत्तराकडून सुरुवात करणारी थोडक्या बैठकांची थेरपी उभी केली. 'शून्य ते दहा या पट्टीवर आज तू कुठे आहेस? तीनवर? मग दोनवर का नाहीस?' हा त्यांच्या पद्धतीतला प्रश्न आज प्रत्येक कोचच्या खिशात असतो. कुणाचं कुणी घेतलं याचा हिशेब लावत बसलं तर भांडणच होईल.

मग फरक कुठे आहे? माझ्या मते, माणूस कोणत्या अवस्थेत समोर आलाय आणि आधी काय करायचं यात. इथे तुला माझी एक चूक सांगते.

कामाच्या पहिल्या वर्षांत माझ्याकडे तुझ्यासारखाच एक जण आला. परीक्षा वेगळी, पेठ तीच. तो म्हणाला, 'मॅडम, बोलून कंटाळलो, मला प्लॅन द्या.' मला बरंच वाटलं. प्लॅन द्यायला मजा येते, आपण काहीतरी केलं असं वाटतं. आम्ही तक्ता केला: उठायची वेळ, चालणं, रोज दोन अर्ज, आठवड्याला एक ओळखीच्या माणसाला फोन. त्याने रकाने सुवाच्य अक्षरात भरले. सहा आठवडे आला, मग बंद. वर्षभराने भेटला तेव्हा म्हणाला, 'तुमच्या तक्त्यातपण मी नापासच झालो.'

ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. त्याच्या हातात मी, काही कळायच्या आत, आणखी एक टेस्ट सिरीज ठेवली होती. ज्याने नऊ वर्षं स्वतःला गुणांत मोजलं त्याला पुन्हा लक्ष्य, रकाने आणि टक्के दिले तर तो तेही परीक्षेसारखंच देणार. म्हणून दीडशे जणांच्या त्या हॉलमधून तू रिकामा परतलास यात तुझं काही कमी पडलं नाही. 'मी जिंकणारच' यातला शेवटचा 'च' बघ. एलिस ज्या हट्टी मागण्यांना दुखण्याचं मूळ मानत, त्या आपल्या भाषेत या एका अक्षरात मावतात. पोस्ट निघालीच पाहिजे. नानांची मान ताठ राहिलीच पाहिजे. तुला आधीच या 'च'ने आजारी पाडलंय, आणि तिथे तोच माइकवरून पाजला.

पण उलट बाजूही आहे, आणि माझ्या क्षेत्रातली मंडळी ती सहसा लिहीत नाहीत. थेरपीचीही अभ्यासिका होऊ शकते. दर आठवड्याला जायचं, ठरलेल्या खुर्चीत बसायचं, खोल खोल तयारी करत राहायचं, आणि खरं आयुष्य 'तयारी पूर्ण झाल्यावर' सुरू करायचं. तुला या गोष्टीची सवय आहे. चार बैठकांत त्या मॅडमनी काही चुकीचं केलं असेल असं मला वाटत नाही. चार बैठका म्हणजे ओळख होण्याइतकाच वेळ. पण 'हलकं वाटतं, रूमवर आलो की परत तेच' हे तू त्यांना सांगितलंस का? मला शंका आहे. तू चांगला विद्यार्थी आहेस, सरांना-मॅडमना वाईट वाटेल असं बोलायचं नाही हे अंगात मुरलेलं असणार. जिच्याकडे जाशील तिला हे पहिल्याच दिवशी सांग. 'मागच्या वेळी हे जमलं नाही' हे वाक्य आमच्यासाठी तपासणीच्या रिपोर्टइतकं उपयोगी असतं.

तर सरमिसळ नीट केली तर ती अशी दिसते, तुझंच उदाहरण घेऊन.

पहिल्या दोन-तीन बैठकांत ध्येय वगैरे काही नाही. झोप, जेवण, दिवस. आणि नैराश्याची लक्षणं मोजणारी एक प्रश्नावली, पीएचक्यू-९ नावाची. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला शून्य ते तीन. बेरीज जास्तीत जास्त २७. दहा किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांनी नीट बघायला हवं, आणि नववा प्रश्न जिवाबद्दलचा आहे, तिथे शून्याशिवाय काहीही आलं तर बेरीज कितीही असो, त्यावर बोलायचंच. मराठीत मिळते. ती भरली म्हणजे निदान झालं असं नाही, पण तुझं वर्ष 'आळस' या शब्दात गुंडाळलं जाणार नाही. (तू पत्रात तो शब्द वापरलेला नाहीस. पण स्वतःशी वापरत असणार, पैज लावते.) थायरॉइड आणि बी-१२ सुद्धा तपासून घे. मेसवर वर्षानुवर्षं जेवणाऱ्याने तर घ्यावंच.

त्यानंतर शोक. हा शब्द तुला जड वाटेल, कुणी मेलेलं नाही. पण पॉलीन बॉस नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरच्यांसोबत काम करताना एक गोष्ट मांडली: ज्या नुकसानीवर शिक्का बसत नाही, तिचं दुःख संपतही नाही. माणूस गेलाय की येणार आहे हेच ठरत नाही, मग रडायचं कधी? मला तुझी परीक्षा तशी वाटते. खुल्या गटाला वयाची अट ३८, राखीव गटांना ४३. म्हणजे कागदावर तुझे पाच अटेम्प्ट अजून शिल्लक आहेत, कदाचित दहा. तोवर आयोग तुला 'आता पुरे' म्हणणार नाही. चार मार्कांनी गेलेली पोस्ट पुढच्या वर्षी येईलही. या परीक्षेला तेरावा नाही. रोज सकाळी तू अर्धवट मेलेल्या स्वप्नाशेजारी उठतोस, दुपारी बाराला उठतोस याचं मला नवल वाटत नाही. या भागात कुणी तुला 'पुढे काय?' विचारू नये. इथे थेरपिस्टची टोपी हवी, आणि ती घालणाऱ्याला गप्प बसता यायला हवं.

आणि मग, झोप जरा जागेवर आली, नानांचं नाव काढल्यावर घसा दाटून आला तरी बोलता येऊ लागलं, की कोचची टोपी. हा भाग मला आवडतो. तू एमपीएससीची नऊ वर्षं 'वाया गेलेली' म्हणून मोजतोस. कोच विचारेल: अभ्यासिकेत लोक तुझ्याकडे काय घेऊन यायचे? अर्थशास्त्र समजून घ्यायला? माहिती अधिकाराचा अर्ज लिहून घ्यायला? मेसमालकाशी भांडण मिटवायला? दुसऱ्यांनी तुझ्याकडे काय मागितलं याची यादी बायोडेटापेक्षा खरी असते. दुसरं काम: परीक्षा सोडून तीन वर्षं झालेल्या तिघांना भेटायचं. यशस्वी, भाषणं देणारे नकोत. साधे. कुणी बँकेत, कुणी पतसंस्थेत, कुणी गावी दूध संकलन बघणारा. त्यांना एकच विचारायचं: पहिले सहा महिने कसे काढलेस? लक्ष्य एवढंच. रकाने नाहीत, टक्के नाहीत. एकाच माणसाला भेटलास तर एकाला भेटलास.

चांगला माणूस टोपी बदलताना ते बोलून दाखवतो. 'आज आपण मुलाखतीच्या त्या दिवसाबद्दल बोलतोय की पुढच्या महिन्याच्या भाड्याबद्दल?' असं विचारतो. आणि कोचिंगच्या मध्येच तू ढासळलास तर तक्ता बाजूला ठेवतो. ज्याला दोन्ही येतं पण केव्हा काय हे सांगता येत नाही, त्याचं मिश्रण म्हणजे दोन औषधं एका बाटलीत ओतणं.

आता त्या सरांबद्दल. मी त्यांना ओळखत नाही, ते उत्तमही असतील. पण ७२ हजार आधी भरायचे, हे मला पटत नाही, आणि कारण फक्त पैशाचं नाही. समुपदेशनात उठून जाता येणं हा उपचाराचाच भाग असतो. नानांनी सोयाबीनचे पैसे दिलेत म्हणून तू पंधराव्या बैठकीला जाशील, 'वाया जायला नको' म्हणून. तुला 'वाया जायला नको' यातून बाहेर काढायचंय ना? मग तिथेच परत कशाला अडकायचं? नऊ वर्षं पुण्यात तू याच कारणाने राहिलास. दर बैठकीचे पैसे दर बैठकीला, हे मान्य असेल तर बोल. सहा-आठ बैठकांनी थांबून 'उपयोग होतोय का' हे दोघांनी बघायचं, हेही आधी ठरव.

आणि विचार, अगदी निर्लज्जपणे विचार, शिक्षण काय. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, तो कायदा १९९२ चा. समुपदेशक आणि इतर मानसशास्त्रज्ञांसाठी २०२१ चा संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा कायदा आलाय. लाइफ कोचला मात्र कायद्याने काहीच लागत नाही. कार्ड छापलं की झाला कोच. आंतरराष्ट्रीय कोचिंग फेडरेशन ही १९९५ पासूनची संस्था प्रमाणपत्रं देते, पण तिच्या पहिल्या पायरीला किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा अनुभव पुरतो, आणि त्यात नैराश्य हाताळणं शिकवत नाहीत, शिकवायचा दावाही नाही. त्यामुळे 'दोन्ही एकत्र' म्हणणाऱ्याचा थेरपीकडचा कागद आधी बघायचा. आणखी एक प्रश्न: 'मला औषध लागेल असं वाटलं तर तुम्ही कुणाकडे पाठवता?' ज्याच्याकडे नाव तयार असतं तो बरा. 'आपल्याकडे औषधं लागतच नाहीत' म्हणणाऱ्याच्या पायऱ्या उतरायच्या, पुन्हा 'च'च.

पण खरं सांगू? तुझी पहिली पायरी ते सर नाहीत आणि मीही नाही. वर्षभर बिघडलेली झोप, पान न उलटणं, घर टाळणं आणि ते सकाळचं वाक्य. एवढं एकत्र असताना आधी मनोविकारतज्ज्ञाने बघावं. ससून रुग्णालयाच्या मनोविकार ओपीडीत केस पेपर काढ. रांग असेल, बाकडं कडक असेल, डॉक्टरांना वेळ कमी असेल. तरी जा. तू पत्रात 'कोच'बद्दल मोकळेपणाने लिहिलंस, 'डॉक्टर' हा शब्द एकदाही नाही. कोचकडे गेलो असं मित्रांत सांगता येतं, ते कर्तबगारीत जमा होतं. मानसोपचारवाल्याकडे गेलो हे लातूरपर्यंत पोचू नये असं वाटतं. मला ते कळतं. पण लाज कुठल्या पाटीखाली कमी वाटते, यावर उपचार ठरवू नकोस. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुझी माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलंय. नानांना कुणी फोन करणार नाही. डॉक्टर म्हणाले औषध नको, तर उत्तमच. मग पैसे आणि वेळ बोलण्याच्या कामात घालता येतील.

नानांचा विषय निघालाच आहे. त्यांच्याकडे ७२ हजार मागू नकोस, पण त्यांना फोन कर. 'परीक्षा सोडली' असं सांगायचं नाही, कारण ते अजून तुलाच माहीत नाही. 'नाना, यंदा फॉर्म भरत नाही, तब्येत बरी नाही, डॉक्टरांना दाखवतोय' इतकंच. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पलीकडून शांतता येईल. मराठवाड्यातले वडील फोनवर बराच वेळ गप्प बसू शकतात, माझेही बसायचे. ती शांतता लगेच भरून काढायला जाऊ नकोस, 'पुढच्या वर्षी नक्की' असं तर मुळीच नको. ते बहुधा पावसाबद्दल विचारतील. पुण्यातल्या पावसाचं सांग.

'यंदा फॉर्म नाही' हे मी मुद्दाम म्हणतेय. कायमचं सोडायचं की नाही हा निर्णय तीनला झोपणाऱ्या माणसाने घेऊ नये, आणि एक वर्ष थांबल्याने ३८ ची अट कुठे पळत नाही. एका वर्षाची रजा. सरकारी नोकरीच हवी होती ना, मग रजेचा अर्ज तरी लिहायला शीक.

पेट्यांचं. सगळं रद्दीत घालायची घाई नको, रागात विकलेल्या पुस्तकांची मागून आठवण येते. पण २०२५ पासून राज्यसेवेची मेन्स वर्णनात्मक झालीय, त्यामुळे जुने बहुपर्यायी मेन्सचे संच ज्युनियरच्याही कामाचे नाहीत. ते काढ. राज्यघटनेवरचं जाड पुस्तक ठेव. तुझ्या हाताच्या नोट्स ठेव, अक्षर चांगलं असेल तर. त्यातून जी एक पेटी रिकामी होईल, ती दिवाळीला गावी नेता येईल. एसटीत बसते.